गुन्नरने झाडाला उजेड दिला

शेजारी वाईट असला तर माणूस कुंपण घालून मोकळा होतो. शेजारी चांगला निघाला, तर त्यावर काही इलाज नाही. गुन्नर हा फार चांगला शेजारी आहे, आणि पुढचं सगळं त्याच्या चांगुलपणामुळेच घडलं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या तळघरात, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी एक कपाट आहे. त्यात गांजाचं एक झाड आहे. सरकार घरटी चार लावू देतं, पण कपाटात एकच मावतं. मी स्वतः ओढत नाही. एकदा ओढून पाहिला, तेव्हा तासभर कुत्र्याची माफी मागत बसलो होतो. कशाबद्दल, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. झाड आहे ते स्लाव्काच्या बोटांसाठी. फुलं वाळवायची, तेलात मंद आचेवर मुरवायची, मेण घालून मलम करायचं. ते चोळलं की माझ्या बायकोची सुजलेली बोटं अर्धा दिवस तरी तिचं ऐकतात. डॉक्टर म्हणतात, तो तिचा समज आहे. असेना. बोटं वळतात ना?

बोटं वळायलाच हवीत, कारण लिपनिक गावात युक्रेनियन बाईची पत तिच्या बोटांवर ठरते. ख्रिसमसच्या आधी चर्चच्या तळघरात बायका जमून विक्रीसाठी पिरोगी करतात. पातळ पारीत बटाट्याचं सारण घालायचं आणि कडा चिमटून बंद करायची. चिमटा सैल पडला तर उकळत्या पाण्यात सगळं उघडतं, आणि बाईची अब्रू पातेल्यात तरंगते. टेबलाच्या टोकाची, खिडकीजवळची खुर्ची स्लाव्काची. तिथे बसणारी बाई बाकीच्यांचं काम तपासते. त्या खुर्चीवर पॉलिनाचा डोळा आहे, आणि पॉलिनाला संधिवात नाही.

गेल्या वर्षी झाडाने इतकी कमी फुलं दिली की मलम ख्रिसमसच्या आत संपलं. म्हणून यंदा मी कंबर कसली. शेंडा खुडला. फांद्या दोऱ्याने बाजूला वाकवून बांधल्या, म्हणजे प्रत्येक फुटव्याला उजेड मिळतो. दिवा चांगला आणला. आणि फुलं धरू लागल्यावर अर्धा दिवस कडेकोट अंधार. दाराखालच्या फटीतसुद्धा टॉवेल कोंबला. हे झाड रात्र ओळखतं. रात्र लांबली की थंडी आली असं समजून ते फुलायच्या घाईला लागतं. मध्येच उजेड आला, तर गडी गोंधळला.

अशात दूरच्या केलोना शहरातून लारिसाचा फोन आला. आमची मुलगी, पहिलं बाळंतपण. महिनाभर तरी जाणं भाग होतं. आमच्याकडे हिवाळ्यात घर नुसतं कुलूप लावून सोडता येत नाही. कुणीतरी आत जाऊन घर गरम ठेवणारी भट्टी चालू आहे ना, नळ गोठले नाहीत ना, हे बघावं लागतं. नाहीतर विमावाले हात वर करतात. त्यामुळे गावात प्रत्येकाची किल्ली दुसऱ्याकडे असते. आमची गुन्नरकडे.

"झाडाला पाणी घाल," मी त्याला बजावलं. "दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो. त्याला हात लावू नकोस."

"मिरोन, मी जन्मभर शेती केलीय."

"म्हणूनच सांगतोय."

परत आलो तर अंगणातला बर्फ काढलेला, पायऱ्यांवर मीठ टाकलेलं, फ्रिजमध्ये टर्कीचं गरम करून खायचं ताट. आणि तळघराच्या जिन्यावर उजेड. कपाटाचं दार सताड उघडं होतं. फुलांच्या तुऱ्यांतून पानं बाहेर आली होती, तीही कसली विचित्र, एकेरी, गुळगुळीत, झाडाला स्वतःचंच पान आठवत नसावं अशी. एकही फूल कामाचं उरलं नव्हतं. दिवा वेळेवर लावणारं-विझवणारं यंत्र भिंतीवरून काढून नीट गुंडाळून शेल्फवर ठेवलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती घेऊन मी गुन्नरच्या घरी गेलो.

"आलात? नात कशी आहे?" तो म्हणाला.

"नात चांगली आहे. झाडाचं काय केलंस?"

"बघितलंस ना? काय तरारलंय." त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "अरे, अर्धा दिवस काळोखात कोंडत होतास त्याला. तुझं ते यंत्र बिघडलं होतं, भर दिवसा दिवा विझवायचं. मी काढूनच टाकलं. जूनमध्ये आपला गहू रात्री दहापर्यंत ऊन खातो, तेव्हा कुठे पोतं भरतं. उजेडाशिवाय पीक येतं होय?"

"हा गहू नाही."

"गव्हातलं तरी तुला कुठे कळायचं? माझा सोन्यासारखा माल तू दुसऱ्या प्रतीचा ठरवायचास."

मी गावच्या धान्यकोठाराचा व्यवस्थापक होतो. "त्यात ओल असायची," मी म्हटलं.

"दव होतं ते."

"यंत्रात तपासलं होतं, गुन्नर."

"ते यंत्रही तुझं असंच असेल."

एवढं ऐकून कुठल्याही देशात माणसाने आवाज चढवला असता. आमच्याकडे तशी सोय नाही. बुटांच्या बर्फाने त्याचं पायपुसणं भिजलं होतं, त्याबद्दल मीच "सॉरी" म्हणालो. त्याने रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड पाई भांड्यासकट बांधून दिली, ती घेऊन मी घरी आलो. आता त्याची दोन भांडी परत करायची होती, आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं. ज्याने घात केला त्याच्यासाठी मला कोबीचे रोल शिजवावे लागले.

झाड बाहेर फेकतो म्हटलं, तर स्लाव्का एवढंच म्हणाली, "राहू दे. झाडाने काय केलंय?"

चर्चमध्ये ती खुर्चीवर बसली खरी, पण पहिल्या दोन-चार पिरोगी टेबलावरच उघडल्या. पॉलिनाच्या आवाजात मध होता. "स्लाव्का, तू दमली असशील गं प्रवासाने. तिकडे कपांपाशी बस. चहा ओतायला तरी कुणी हवंच ना."

चहा ओतणं म्हणजे आमच्याकडे निवृत्ती. गेलेली बाई परत टेबलावर येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुन्नरच्या दारात उभा राहिलो. "कोट घाल. तू तिची बोटं घालवलीस, आता तुझी आण."

कोट घालून तो आला. एवढा मोठा आइसलँडी गडी, डोक्याला केस झाकायची जाळी, फावड्यासारखे पंजे. स्लाव्काने त्याला खुर्चीशेजारी बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसली.

"हा तर ल्युथरन आहे, आपल्या चर्चचा नाही," पॉलिना म्हणाली.

"पिरोगीच्या कडेला विचार, तिला चालतं का," स्लाव्का म्हणाली. "गुन्नर, पोत्याचं तोंड कसं आवळतोस? तसंच, फक्त पोतं एवढंसं आहे असं समज. वर हवा ठेवू नकोस. परत कर. ही सैल आहे. ही पण. आता बरी."

दुपारी त्याचा पहिला घाणा पातेल्यात गेला. सगळ्या बायका वाकून बघत राहिल्या. एकही उघडली नाही. पॉलिना आपल्या जागी जाऊन बसली.

न्याय झाला असं तुम्हाला वाटेल. संध्याकाळपर्यंत सगळं टेबल गुन्नरवर खूश होतं. एकीने त्याला मोजे विणून द्यायचं कबूल केलं. माझ्या झाडाची चौकशी कुणीच केली नाही. मला बटाटे सोलायला बसवलं, तेही जाड सोलतो म्हणून बोलणी खात.

संतापाच्या भरात मी कपाटाकडे फिरकलोच नाही. दिवा तसाच जळत राहिला, पाणी स्लाव्का घालायची. नवीन वर्ष लागल्यावर राग जरा उतरला, तेव्हा यंत्र परत लावलं, टॉवेल कोंबला. तोवर त्या वेडगळ पानांतून फुटव्यांवर फुटवे आले होते. झाड कसलं, झुडपाचं कुंपण झालं होतं. अंधार मिळताच प्रत्येक फुटवा फुलला. कपाटाचं दार लागेना. मी शेंडे खुडून, दोरे बांधून जन्मात मिळवलं नव्हतं एवढं पीक त्या माणसाच्या अडाणीपणाने आलं. मलम ठेवायला बरण्या पुरेनात, म्हणून लोणचं खाऊन संपवावं लागलं.

"उजेड," गुन्नर दारात उभा राहून म्हणाला. एवढंच. मी त्याला सविस्तर समजावून सांगितलं की हे कसं योगायोगाने झालं. तो पूर्ण वेळ प्रेमाने मान हलवत होता.

ईस्टरच्या विक्रीला स्लाव्काची बोटं चालू लागली होती. गुन्नरला कुणी बोलावलं नव्हतं, तरी जाळी घालून शेजारी हजर. मी बटाट्यांपाशी. स्लाव्काने पहिली पिरोगी स्वतःच्या हाताने चिमटली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. कड अशी की सुईसुद्धा शिरली नसती.

"त्याला दाखव," ती म्हणाली.

गुन्नरने ती खिडकीच्या उजेडात धरली. मी कोठारात गव्हाचा दाणा धरायचो तशी, अंगठा आणि बोटाच्या मध्ये, एक डोळा मिटून. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"दुसरी प्रत," तो म्हणाला. "ओल आहे."

स्लाव्का टेबलावर हात टेकून हसत सुटली. मी जाऊन बटाटे सोलू लागलो.