आमदारांचा निळा कोट

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर हा जो निळा कोट टांगलेला दिसतो ना, कोपरांवर विरलेला, एक बटण वेगळ्याच रंगाचं असलेला, तो मीच. माझं वय एकवीस वर्षं. कोटाच्या मानाने हे म्हातारपणच म्हणायचं. त्यातली दहा वर्षं मी विधानसभेत काढली आहेत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्या दहा वर्षांत एक चूक झाली, आणि तिच्यात माझाही थोडा वाटा होता.

मला काकूंनी शिवलं. गल्लीत सगळेच त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचे यजमान गावच्या पंपघरात काम करत. एका उन्हाळ्यात मोठा पंप बंद पडला आणि सगळं गाव पाण्यावाचून तडफडू लागलं. तेव्हा हा माणूस चार दिवस पंपघरातून हलला नाही. पाचव्या दिवशी नळ वाहिले आणि लोकांनी त्यांना भाऊ म्हणायला सुरुवात केली. पुढच्या निवडणुकीत लोकांनीच त्यांना उभं केलं आणि निवडूनही आणलं.

"आता तेलकट सदरा घालून तिथे बसणार का?" काकू म्हणाल्या. त्यांनी जाड निळं कापड आणलं आणि तीन दुपारी मशीनवर बसून मला घडवलं. आतला खिसा त्यांनी मुद्दाम खोल ठेवला. "लोक कागद देतील," त्या म्हणाल्या, "ते बाहेरच्या खिशात चुरगळतात."

पहिल्या दिवशी सभागृहात भाऊंचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की मला माझ्या शिवणी उसवतील असं वाटलं. बोलायला उभे राहिले आणि पहिलं वाक्यच विसरले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पाणी द्या त्यांना." भाऊ म्हणाले, "पाणी द्यायचं काम माझं आहे, साहेब. तेच मागायला आलोय." सभागृह हसलं. मग मात्र ते सरळ बोलले, आणि आमच्या खोऱ्यातल्या सात वस्त्यांना नळ मिळाले.

ते दिवस मोठे छान होते. रोज सकाळी काकू मला ब्रश करत. दारात माणसं उभी असत. कोणाच्या पेन्शनचा अर्ज, कोणाच्या शाळेचा पत्रा. सगळं माझ्या आतल्या खिशात जाई. संध्याकाळी भाऊ एकेक कागद काढून वाचत आणि काम झालं की त्यावर बारीक टिंब देत. त्या कागदांत एक कागद पुन्हापुन्हा येई. नदीवरच्या पादचारी पुलाचा. त्याच्या फळ्या कुजल्या होत्या आणि बाजाराला जाणारी सगळी माणसं त्यावरूनच जात. भाऊंनी सरकारला अकरा पत्रं लिहिली. शेवटी त्यांनी सभागृहात प्रश्न टाकला.

तो प्रश्न ज्या दिवशी यायचा होता, त्या दिवसाबद्दल आता सांगतो.

त्याच दिवशी शेजारच्या शहरातल्या व्यापाऱ्यांनी भाऊंचा सत्कार ठेवला होता. प्रश्नांची यादी माझ्याच आतल्या खिशात होती, चार घड्या घातलेली. चौथ्या क्रमांकावर पुलाचा प्रश्न. सकाळी भाऊंनी ती उघडली, पाहिली आणि परत ठेवली. "पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारता येईल," ते स्वतःशीच म्हणाले, आणि आम्ही सत्काराला गेलो.

तिथे मोठे हार होते, मानपत्र होतं. एक गृहस्थ माझी बाही चाचपून म्हणाले, "काय कापड आहे, काय शिलाई!" खरं सांगतो मित्रांनो, मीही फुगलो. खिशातल्या कागदाची मला आठवण राहिली नाही. त्याच वेळी तिकडे सभागृहात अध्यक्षांनी भाऊंचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. जागा रिकामी पाहून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

पुढच्या आठवड्यात अधिवेशन लवकर संपलं. प्रश्न तसाच राहून गेला. आणि त्यानंतर सतराव्या दिवशी गावातली म्हातारी भाजीवाली आजी डोक्यावर टोपली घेऊन पुलावरून जात असताना फळी मोडली. ती कमरेपर्यंत खाली गेली. लोकांनी ओढून वर काढलं, पण पाय दोन ठिकाणी मोडला होता.

भाऊ इस्पितळात गेले, तेव्हा मी त्यांच्या अंगावर होतो. ते खाटेजवळ जाऊन उभे राहिले.

"काय झालं रे?" आजीनेच विचारलं.

"आजी, पुलाचा प्रश्न तिथे आला होता. माझं नाव पुकारलं. मी नव्हतो."

"कुठे होतास?"

"सत्काराला."

आजीने छताकडे पाहिलं. "मला वाटलं फक्त फळीच कुजली होती," ती म्हणाली.

भाऊंची मान खाली गेली. मग आजी म्हणाली, "बस खाली. वर बघून बघून माझी मान दुखायला लागलीय."

ते बसले. आजीने त्यांना संत्रं सोलायला दिलं. सोलता सोलता भाऊंचा श्वास जरा हलका झालेला मला जाणवला.

चार महिन्यांवर निवडणूक होती. एक कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, हे कोणाला माहीत आहे? सभागृहाचं कामकाज वाचतं कोण? गप्प राहा." भाऊ गप्प राहिले नाहीत. चौकातल्या पहिल्याच सभेत त्यांनी ते जसंच्या तसं सांगून टाकलं. त्यांच्याविरुद्ध एक वकीलबाई उभ्या होत्या. त्या हुशार होत्या आणि त्यांनी मुद्दा सोडला नाही. "आपलाच प्रश्न विचारायला जो हजर नसतो, त्याला पुन्हा पाठवायचं का?" त्या प्रत्येक सभेत विचारत. यात खोटं काहीच नव्हतं.

भाऊ सहाशे अकरा मतांनी पडले.

घरी आल्यावर काकूंनी एवढंच विचारलं, "सांगायलाच हवं होतं का?"

"आजी रोज पुलापलीकडे बघत खाटेवर बसते गं," भाऊ म्हणाले. "तिच्यासमोरून मान वर करून जायचं होतं."

काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग मी खुंटीवर गेलो. भाऊ लोकांचे पंप दुरुस्त करून देऊ लागले. हातात पाना असला की कोट कशाला हवा? माझ्या खांद्यांवर धूळ साचली. कसरीने डावं कोपर खाल्लं. आठ महिने मला कोणी हात लावला नाही. मला राग येत नव्हता. फक्त आतला खिसा फार रिकामा वाटे.

एके दिवशी भाऊंनी कपाटातून पुलाची फाइल काढली. अकरा पत्रं, मोजमापं, फोटो, सगळं तिच्यात होतं.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"वकीलबाईंकडे. अधिवेशन आहे पुढच्या महिन्यात."

"जिने पाडलं तिच्या दारात? लोक हसतील."

"हसू देत. पूल काही माझ्या नावावर नाही."

काकूंनी मला खुंटीवरून काढलं, झटकलं, कोपराला ठिगळ लावलं. "मग नीट होऊन जा," त्या म्हणाल्या. "निवडणुकीत पडलात, म्हणून अंगानेही पडल्यासारखं दिसायला नको."

वकीलबाईंनी फाइल हातात घेतली, पण उघडली नाही. "यात काय डाव आहे?"

"डाव नाही, कागद आहेत," भाऊ म्हणाले. "सातवं पत्र नीट वाचा. त्याला सरकारने उत्तर दिलंय आणि त्या उत्तरातच ते अडकलंय."

बाईंनी सातवं पत्र काढलं. वाचता वाचता त्या खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "चहा घेणार का?"

प्रश्नाच्या दिवशी भाऊ बसने राजधानीला गेले आणि प्रेक्षकांच्या सज्जात बसले. तिथे बोलायला, टाळी वाजवायला मनाई असते. मंत्री म्हणाले, "बाब विचाराधीन आहे." वकीलबाईंनी सातव्या पत्राला आलेलं उत्तर वर धरलं. "आपण तीन वर्षांपूर्वी लेखी दिलं आहे की पूल धोकादायक आहे. मग तीन वर्षं विचार कसला चालला आहे?" भाऊंनी माझं तिसरं बटण मुठीत इतकं घट्ट धरलं की दोरा तुटला आणि बटण बाकांखाली गडगडत गेलं. मंत्री म्हणाले, "वर्षभरात नवा पूल होईल."

घरी काकूंनी विचारलं, "बटण कुठाय?"

"पुलाला दिलं," भाऊ म्हणाले. काकू हसल्या आणि डब्यातलं तपकिरी बटण लावून दिलं.

पूल व्हायला वर्षाऐवजी दीड वर्ष लागलं, पण झाला. उद्‌घाटनाला वकीलबाई कात्री घेऊन उभ्या होत्या. भाऊ गर्दीत शेवटच्या रांगेत होते. तेवढ्यात भाजीवाली आजी काठी टेकत आली. "फीत बीत नंतर," ती म्हणाली, "आधी मी बघते पूल पेलतोय का." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत येऊन माझी बाही पकडली. "चल रे." वकीलबाईंनी फीत हाताने वर उचलली आणि दोघं तिच्याखालून गेले. पलीकडच्या टोकाला पोहोचेपर्यंत आजीने बाही सोडली नाही. तिच्या बोटांचा जोर मला अजून आठवतो.

आता भाऊ वाळले आहेत. काकूंनी माझ्या शिवणी दोनदा आत घेतल्या, तरी मी सैलच होतो. लेकीने हलकं, उबदार जाकीट आणलं. ते बरंच आहे, माझं ओझं आता त्यांना झेपत नाही. वकीलबाई अधूनमधून येतात, काही विचारतात आणि भाऊंचं बोलणं लिहून घेतात.

मित्रांनो, जुन्या कोटाला फार काही लागत नाही. कधी ऊन दाखवा, उसवलं तर वेळीच टाका घाला, एवढं पुरे. जुन्या माणसांजवळही असंच जाऊन बसत जा. आणि एक गोष्ट माझ्यासाठी कराल? तुमच्या भरवशावर कोणी असेल आणि तुमचं नाव पुकारलं गेलं, तर जागेवर असा. मी कोट आहे. कोणी अंगात घातल्याशिवाय मला उभं राहता येत नाही. तुम्हाला येतं.