तिच्या बाजूच्या दाराची पिन

हो, मीच बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, खाली बघा, बटणांच्या डब्यात. मी एका जुन्या मोटारीच्या दाराची पिन, म्हणजे बिजागरीच्या पोटात बसून दार धरून ठेवणारी बोटाएवढी पोलादी कांडी. बिजागरी सगळ्यांना ठाऊक असते, आम्हाला कोणी विचारत नाही. असो, सवय आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कशी सरळ, गुळगुळीत होते! माझ्या वाट्याला चालकाशेजारचं दार आलं. वर मी, खाली माझी धाकटी बहीण, आणि दोघींच्या जिवावर ते जडशीळ दार. गाडी घेतली एका अबोल गृहस्थाने. गाडी धुताना तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा, पण बायकोशी बोलायची वेळ आली की नुसता घसा खाकरायचा.

उघडमीट करून करून मी झिजले. तेलाच्या थेंबासाठी करकरायचे, तर हा कौतुकाने म्हणायचा, "जुन्या गाडीचा आवाजच तसा असतो!" मग दार खाली लोंबायला लागलं. ते लावायचं तर आधी दोन्ही हातांनी वर उचलायचं, आत ढकलायचं आणि कंबरेने एक धक्का द्यायचा. ही कला घरात फक्त त्यालाच जमली. म्हणून बायको बसली की हा पुढून वळसा घालून यायचा, दार उचलून लावायचा आणि काचेतून विचारायचा, "बसलीस ना नीट?" अख्ख्या दिवसात तेवढंच काय ते गोड बोलणं. ती मान डोलवायची आणि उगाच पदर सारखा करायची.

शेजारीण हे गच्चीवरून बघायची आणि नवऱ्याला ऐकवायची, "बघा, शिका काहीतरी!" त्या बिचाऱ्याला पळता भुई थोडी व्हायची. मला हसू यायचं. अहो बाई, हे कसलं प्रेम, ही तर माझी झीज!

असं मला वाटायचं. माझी अक्कल ती केवढी!

त्याचं वय झालं, खांदा दुखायला लागला. मुलगी आली की म्हणायची, "बाबा, पिना बदलून घ्या ना. एवढंसं तर काम आहे."

"बघू. पाऊस सरू दे."

पाऊस सरला की थंडी सरायला हवी असायची, थंडी सरली की मिस्त्रीला वेळ नसायचा. मिस्त्री मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजात माश्या मारत बसलेला असायचा.

एकदा दार उचलताना त्याच्या खांद्यातून कळ गेली. त्याने ओठ दाबून धरले, पण तिने ते पाहिलं.

"अहो, पिना बदलल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही."

"अगं, पण मग…"

"मग काय?"

"काही नाही," म्हणत त्याने घसा खाकरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दार आपोआप लागायला लागलं, तर याने तिच्या बाजूला जायचं कोणत्या निमित्ताने?

मिस्त्रीने दाराखाली लाकडाचा ठोकळा लावून त्याला जॅकचा आधार दिला आणि मला खालून ठोकायला सुरुवात केली. मीही हटून बसले. शेवटी निघाले, तर कंबरेत पार बारीक झालेली. "काका, हिच्यावर दार टिकलं कसं?" मिस्त्री म्हणाला. काकांनी मला पुसून खिशात टाकलं. बहिणीला मिस्त्रीने भंगारात फेकलं, तिची आठवण येते.

नव्या पिना बसल्या. याने सवयीने दार दोन्ही हातांनी उचललं. ते हलेना, हाच पुढे कलंडला.

"काका, उचलू नका! बोटाने ढकला नुसतं."

गाडी घरी आली. बायको आवरून फाटकात उभी होती. हा उतरून वळसा घालायला निघाला, तोवर तिने दार उघडलं, बसली आणि दोन बोटांनी ओढून घेतलं. खट्! हा गाडीच्या नाकापाशीच थबकला. हात अर्धवट पुढे, तोंड अगदी उतरलेलं. त्याच्या खिशात मलाही कसंतरी झालं.

तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. मग दार पुन्हा सताड उघडलं.

"अहो, नीट लागलं नाही वाटतं. बघा बरं जरा."

दार नीट लागलं होतं. ते त्याला माहीत, तिला माहीत, आणि मला तर नक्कीच माहीत. तो लगबगीने आला आणि दार हळूच लावलं.

"बसलीस ना नीट?"

ती हसली आणि पदर सारखा केला.

घरी परतल्यावर तिनेच मला त्याच्या खिशातून काढून या डब्यात ठेवलं. बाहेर गाडी निघताना मी रोज कान देते. तिच्या बाजूचं दार खट् वाजतं, पुन्हा उघडतं, आणि मग त्याचा घसा खाकरल्याचा आवाज येतो. शेजारीणबाई, आता तरी कबूल करते, चूक माझीच होती. आणि हो, तुम्ही बटण शोधायला याल तेव्हा मला तेवढं फेकू नका.