इहीनबाईच्या घरची पोळी

बार्शीटाकळीपासून दोन कोसांवरच्या गावातला भगवंतराव म्हणजे दगड पचवणारा माणूस. सकाळी शिळी भाकर आणि ठेचा, दुपारी वावरात आंबाडीची भाजी, संध्याकाळी तुरीचं वरण आणि वरून जवसाच्या तेलाची धार. पोटाची तक्रार म्हणून कधी नाही. पण हाच माणूस अमरावतीला लेकीच्या सासरी जेवून उठला की घटकाभरात पोट धरून भिंतीशी कलंडायचा. एकदा नाही, दोनदा नाही, लग्नाला दोन वर्षं होईतो चार वेळा. आता लोकांनी बोलायचं नाही तर काय करायचं?

लेक कौशल्या एकुलती एक. ती अमरावतीच्या खुशालरावाच्या घरात दिलेली. शहराला लागून मळा, संत्र्याची झाडं, दारात दोन बैलजोड्या, सगळं कसं भरलेलं. त्या घरात चलती मात्र खुशालरावाच्या बायकोची, माणिकबाईची. ती भगवंतरावाची विहीण, वऱ्हाडी बोलीत इहीन. पुरणपोळी करावी तर तिनेच, असं सारी भावकी म्हणायची. आणि आग्रह? ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढायची बाई! वऱ्हाडात गहू रोज कोण खात होतं? सणावाराला, लग्नकार्याला, नाहीतर सोयरा दारात आला की. सोयऱ्याच्या ताटात पोळी, ही घराची अब्रू. त्याला भाकर वाढणं म्हणजे त्याला 'कशाला आलात' असं तोंडावर विचारणं.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, भगवंतराव अमरावतीला गेला तो आधीच धास्तावून. पाटावर बसला, एक तुकडा मोडला, तोंडात फिरवला आणि म्हणाला, "इहीनबाई, भूक नाही आज." उठलाच. माणिकबाईने वाढायला आणलेली पोळी तशीच परत नेली, एवढंच.

बोलली ती पुढे ज्येष्ठात. कौशल्येला दिवस गेल्याची गोड बातमी आली आणि तिच्या मागोमाग निरोपही आला. निरोप आणणारा पुंजाराम दोन्ही घरांचा सोयरा. बिचारा अंगणातच उभा राहून बोलला, बसलासुद्धा नाही.

"इहीनबाई म्हणते, पहिलं बाळंतपण मायेरी असते, हे मले ठाऊक आहे. पण ज्या बापाले माह्या घरचं अन्न चालत नाही, त्याच्या घरी मी माही सून कायले धाडू? सातव्या महिन्याच्या जेवणाले या म्हणते. पंगतीत बसा, पोटभर जेवा अन् लेक घेऊन जा. नाही तं बाळंतपण इथंच."

भगवंतरावाची बायको दुर्गाबाई हातातलं शिवण टाकून दारात आली. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी तिने डिंक आणून ठेवला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली होती. त्यात शेजारची पार्बताबाई आली आणि तिने आगीत तेल ओतलं. "म्या तं पयलेच म्हटलं होतं वं. करनी आहे ते. नाही तं एकाच घरी कसं काय दुखते माणसाचं पोट?"

भगवंतराव करणीबिरणी मानणारा नव्हता. पण चार वेळा भिंतीशी कलंडलेल्या माणसाला खात्री तरी कशाची देता येणार? दुसऱ्या दिवशी बैलांची दमणी जुंपली आणि त्याने अकोला गाठलं.

अकोल्याचे सहदेवबुवा वैद्य वयाने सत्तरीचे आणि जिभेने मिरचीचे. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबलं, सगळी कहाणी ऐकली आणि पोटभर हसले.

"गावात चोरी झाली तं पोलीस पाटील काय करते? सगळ्याइले चावडीच्या बाहेर बसवते अन् एकेकाले आत घेते. तू पोटाचं तसंच कर. एकवीस दिवस निसत्या ज्वारीच्या कण्या. मीठ घाल, दुसरं काही नाही. मंग पाच-पाच दिवसांनं एकेक जिन्नस आत घे. ज्याच्या मागं दुखणं येईल, तोच चोर."

"ठेचाही नाही?"

"ठेचाही नाही."

"बोटावर एवढासाक?"

"बोट कापून ये, मंग घे!" सहदेवबुवा म्हणाले.

झालं. दुर्गाबाईने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एकवीस रेघा ओढल्या आणि रोज एक पुसू लागली. सकाळी कण्या, दुपारी कण्या, संध्याकाळी कण्या. तिसऱ्या दिवशी भगवंतराव गाईच्या गव्हाणीकडे पाहून म्हणाला, "इचं बरं आहे, इले निदान सरकीची ढेप तरी भेटते." आठव्या दिवशी शेजारी लसणाची फोडणी पडली तर हा गडी कुंपणाशी जाऊन उभा. पार्बताबाईने विचारलं, "काय पाह्यता भाऊजी?" तर म्हणे, "ढग पाहून राहिलो."

दहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की दुर्गाबाईच्या ताटातही कण्याच आहेत.

"तू काहून?"

"तुमच्यासमोर बसून वरण ओरपू काय? मले गोड लागत नाही ते," ती म्हणाली आणि ताट घेऊन त्याच्याकडे पाठ करून बसली. तीस वर्षांच्या संसारात या बाईने एक लाडाचा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. भगवंतरावाला त्या दिवशी कण्या खरोखर गोड लागल्या.

बाविसाव्या दिवशी मुगाचं वरण ताटात आलं. पोट गप्प. मग तूर आली. पोट गप्प. मग दूध, मग जवसाचं तेल आणि शेवटी, ज्याची तो लेकीसारखी वाट पाहत होता तो ठेचा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला आणि रात्रभर वाट पाहत जागा राहिला. पोट गप्प ते गप्पच! दुसरा कोणी असता तर नाचला असता. हा मात्र ओट्यावर डोकं धरून बसला.

कारण घरचे सगळे जिन्नस निर्दोष सुटले, तर मग उरलं काय? उरलं ते अमरावतीचं घर. दुर्गाबाई पदराने डोळे टिपत म्हणाली, "पार्बता म्हणते तेच खरं म्हणा की मंग." आणि या वेळी त्याला नाही म्हणता येईना. ज्या घरात आपली पोरगी नांदते, त्या घराविषयी मनात असलं काही आणायचं, या विचाराने तो आतून पार खचला. आता तिथे जायचं तरी कोणत्या तोंडाने, आणि नाही गेलं तर लेक कशी आणायची?

गंमत पाहा. दोघांनी दीड महिना डाळी, तेलं, तिखट-मीठ सगळं चाचपून पाहिलं, पण गहू कोणाच्या ध्यानातच आला नाही. तो घरात रोज असतो कुठे? जो घरात नाही त्याच्यावर चोरीचा आळ कोण घेणार?

आणि पोळा आला. बैल धुतले, शिंगं रंगवली, पाठीवर झूल टाकली, तोरणाखालून नेऊन आणले. बैलांना पोळी चारून भगवंतराव पाटावर बसला. एरवी घरच्या सणाला तो एक पोळी खाऊन भाकरीकडे वळायचा. गोडाचा त्याला कंटाळा, आणि घरी आग्रह करणार कोण? पोळ्याच्या दिवशी थोडं जड वाटलं तर तेही कोणी मोजत नाही, सगळं गावच त्या दिवशी जड झालेलं असतं. पण यंदा दीड महिन्याचा उपाशी. एक, दोन, तीन करता करता पाच पोळ्या गेल्या.

दिवे लागायच्या सुमाराला दुर्गाबाई गोठ्यात होती. घरातून आरोळी आली, "दुर्गे! वं दुर्गे!"

ती शेणाच्या हाताने धावत आली. पाहते तर भगवंतराव भिंतीशी कलंडलेला, पोट दोन्ही हातांनी धरलेलं, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू!

"दुखते वं!"

"अवं माय! काय झालं जी?"

"दुखते वं दुर्गे! आपल्याच घरी दुखते! तुह्या हातचं खाऊन दुखते!"

"अन् हासता काय मेलं कौतुकानं! ओवा आणू की नको?"

"आण, आण. पन पयले आईक. तिचा काही दोष नाही. त्या बाईचा काही दोष नाही!" असं म्हणत तो कळ आली की ओरडायचा आणि ओसरली की हसायचा.

पुढचं काम सोपं होतं. पाच दिवसांनी त्याने नुसतं पुरण खाऊन पाहिलं, पोट गप्प. आणखी पाच दिवसांनी गव्हाची कोरडी दीड पोळी खाल्ली, आणि सूर्य मावळायच्या आत ओव्याची पुडी शोधावी लागली. चोर सापडला. दुर्गाबाईने अमरावतीच्या दिशेला तोंड करून हात जोडले. "इहीनबाई, चुकलं वं माय." मग कुंपणाशी जाऊन पार्बताबाईला जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. हे माणिकबाईला सांगायचं कसं? गहू बाधतो म्हटलं तर कोण ऐकणार? लोक गव्हाच्या पोळीसाठी सणाची वाट पाहतात, आणि हा म्हणे पोळी सोसत नाही! बहाणा म्हणतील. भरल्या पंगतीत, पोळीवर पोळी वाढली जात असताना, इवायाने, म्हणजे व्याह्याने, भाकर मागायची? म्हणजे आखाजीचा अपमान परवडला म्हणायची वेळ. आणि गुपचूप सहा पोळ्या गिळाव्यात तर रातोरात पोट धरून लोळायचं, तेही तिच्याच दारात. शेवटी दुर्गाबाईने चार भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि म्हणाली, "खरं काय ते सांगा. मंग देवाच्या मनात असंल ते होईल."

आश्विनातलं डोहाळेजेवण. अमरावतीच्या त्या अंगणात पन्नास पानांची पंगत बसली होती. इवाई म्हणून भगवंतराव खुशालरावाच्या शेजारी, पहिल्या पाटावर. माजघराच्या दारात हिरव्या लुगड्यातली कौशल्या फुलांनी मढून उभी होती, पण पोरीचं लक्ष ना फुलांकडे ना बायांकडे. ती बापाच्या हाताकडे पाहत होती. दोन वर्षं तिने या घरात ऐकून घेतलं होतं, आणि आज तिला माहेरी जायचं होतं.

माणिकबाई पोळी घेऊन आली. भगवंतरावाने ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"इहीनबाई, थांबा."

माणिकबाईचा हात तिथेच थांबला. अख्खी पंगत थांबली.

भगवंतरावाने मांडीखालचं फडकं काढलं, गाठ सोडली, भाकर ताटात ठेवली. "मले गहू बाधते. अकोल्याच्या वैद्यानं शोधून काढलं. दीड महिना कण्या खाल्ल्या, तवा समजलं. माह्या घरीही तसंच दुखते. तुमच्या हातचं अन्न वाईट नाही, माही आतडीच दळभद्री आहे. मले भाकर खाऊ द्या अन् लेक न्यू द्या."

मागच्या ओळीतून कोणी तरी म्हणालं, "गहू बाधते म्हणे! आता हे नवीनच." दोघे-तिघे हसले.

माणिकबाई हसली नाही. तिने खाली वाकून त्याच्या ताटातली भाकर उचलली, फडक्यातल्या तीनही उचलल्या आणि आत निघून गेली. कौशल्येने दाराची चौकट घट्ट धरली. खुशालराव पानावरचं मीठ बोटाने पसरत बसला. इवायाने हात लावल्याशिवाय पंगत सुरू होत नाही, त्यामुळे पन्नास माणसं वाफाळलेल्या पानांपुढे नुसती बसून राहिली.

मग आतून आवाज आला. थप, थप, थप.

भाकर थापल्याचा आवाज कोणाला कळत नाही? पण डोहाळेजेवणाच्या दिवशी, पुरणाच्या घरात! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. थोड्या वेळाने माणिकबाई बाहेर आली. तिच्या हातात भाकर होती, टम्म फुगलेली, वाफ निघणारी. ती तिने भगवंतरावाच्या ताटात ठेवली, अंगठ्याने मधोमध खळगा पाडला, त्यात तूप ओतलं आणि शेजारी पुरणाचा मोठा गोळा वाढला.

"इवाई," ती म्हणाली, आणि आवाज असा तापलेला की भगवंतराव पाटावर मागे सरकला, "शिळी भाकर बांधून आणता माह्या घरी? माह्या कणगीतली जवारी सरली काय?"

"नाही जी, तसं नाही..."

"दोन साल!" ती म्हणाली. "दोन साल मी शोधून राहिली, काय बाधते या माणसाले. गूळ बदलला. डाळ बदलली. तूप बदललं, पाणी दुसऱ्या विहिरीचं आणलं. सगळं बदललं अन् पोळी तेवढी तशीच वाढली. जिच्यासाठी लोक माहं नाव घेतात, तिच्यावर मी संशय कशी घेऊ? मंग मले वाटलं, माह्या हातातच काही वाईट आहे." एवढं बोलून तिने पदर तोंडाशी नेला.

आपण आपल्या घरी आणि ही अमरावतीला, दोघंही एकच चोर शोधत होतो, हे भगवंतरावाला आता कळलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पुरणाला लावला आणि तोंडात घातला. "गोड आहे," तो म्हणाला. खरंच होतं ते.

"मलेही अर्धी आण वं भाकर," खुशालराव म्हणाला. "पुरणासंगं कशी लागते पाहू दे."

त्या दिवशी माणिकबाईला अकरा भाकरी थापाव्या लागल्या. भगवंतराव दोन खाऊन उठला, आणि संध्याकाळभर बाया-माणसं येता-जाता त्याच्या पोटाकडे बघून जात होती. पोट गप्प.

सकाळी स्टेशनावर जायला दमणी उभी राहिली. कौशल्या सासूच्या पाया पडून वर चढली. माणिकबाईने तिच्या मांडीवर दोन गाठोडी ठेवली. एकात दुर्गाबाईसाठी पोळ्या, दुसऱ्यात ताज्या भाकरी.

"तुह्या मायले सांगजो," ती सुनेला म्हणाली, "बारशाले मी चार दिवस पयलेच येतो. पाहुण्याइच्या पोळ्या तुही माय करीन. इवायाची भाकर मीच थापीन."

गाडीवानाने बैल हाकले. भगवंतराव भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला. ते अजून गरम होतं.