खापराची साक्ष

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कोणाचाच बसत नाही. मित्रांनो, मी एक जुनं खापर आहे, आणि सुरतच्या कोर्टात साक्ष दिलेलं सगळ्या मुलखातलं एकमेव खापर आहे.

माझा जन्म खानदेशातला, पांझरेच्या काठचा. दगा नावाच्या कुंभाराने माझ्यासाठी तीन गावांची माती आणली, आणि मी आव्यातून भाजून अखंड निघालो या आनंदात तो आठ दिवस जेवला नाही.

खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं मोठं भांडं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे माझ्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. माझी मालकीण पुष्पाबाई मांडा हातावर झुलवत इतका पातळ करायची, की पुढे सुरतेत एकदा तो वाऱ्याने उडाला आणि तापी ओलांडून पलीकडच्या रांदेरच्या एका पंगतीत थेट ताटात पडला. वाढप्याने वर तूपही वाढलं!

बासष्ट साली पुष्पाबाई आणि तिचा नवरा हिलाल पोटासाठी सुरतला आले, तेव्हा मी गोधडीत गुंडाळून आलो. हिलाल मागावर कामाला लागला. नवागामला बाभळींनी भरलेली एक मोकळी जागा होती. कोणाला न विचारता दोघांनी ती साफ केली, झोपडी घातली, पुढे विटांच्या भिंती उभ्या केल्या. त्यांची उषा तिथेच जन्मली. जागेचे मालक ठाकोरभाई कतारगामला राहायचे. ते कधी "राहा" म्हणाले नाहीत, कधी "उठा" म्हणाले नाहीत.

दर आखाजीला पहिला मांडा त्यांच्या घरी जायचा. हिलाल चिडायचा, "त्या शेठला कशाला? त्याने आपल्याला कधी पाणी तरी विचारलं?"

"न विचारो," पुष्पाबाई म्हणायची. "चूल कोणाच्या जमिनीवर मांडली, ते आपल्याला माहीत आहे ना?"

पंच्याहत्तर साली ठाकोरभाई वारले. जागा रिकामी करून मिळावी म्हणून त्यांच्या मुलाने दावा लावला. हिलालचे वकील पंडित यांनी धीर दिला. "परक्याची जागा बारा वर्षं उघडपणे, स्वतःची असल्यासारखी वापरली आणि मालक गप्प बसला, तर ती वापरणाऱ्याची होते. तुमची वर्षं भरलीत. पुष्पाबाई, जागा कोणाची असं विचारलं, तर 'आमची' म्हणायचं. बस."

मग त्यांचं लक्ष माझ्या पोटातल्या काजळीकडे गेलं. "एवढी काजळी काय दोन दिवसांत धरते? हेही घेऊन चला!"

असा मी कोर्टाच्या टेबलावर चढलो. शिपाई मला फडक्याने पुसायला लागला, तर पंडित ओरडले, "अहो, पुरावा पुसताय!"

समोरच्या वकिलाने मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाला, "बेन, याच्यावर काय करता?"

"मांडे!" पुष्पाबाई खुलली. त्या सगळ्या काळ्या कोटांत तिच्या ओळखीचा मी एकटाच होतो ना.

"असं? मग पहिला कोण खातं? घरधनी?"

"नाही साहेब, पहिला ठाकोरभाईंकडे जायचा."

"का बरं?"

पंडित खोकले. हिलालने डोळे वटारले. पुष्पाबाईने दोघांकडे पाहिलं, आणि घरात बोलते तशीच बोलली, "जागा त्यासनी शे ना! पहिला मांडा मालकले."

संपलं. जागा दुसऱ्याची मानून, त्याचा मान राखून राहिलेल्याला ती कधीच मिळत नाही, असा तो कायदा. पंडितांनी मला हळूच पालथं घातलं.

पण मित्रांनो, न्यायाधीशांचे डोळे भरून आले! ते म्हणाले, "इतक्या खऱ्या बाईला घराबाहेर काढणारा कायदा मी आज बाजूला ठेवतो." ठाकोरभाईंच्या मुलाने तिथल्या तिथे जागा पुष्पाबाईच्या नावावर करून दिली. आजही आम्ही त्याच भिंतींत राहतो. मी हल्ली खाटेखाली पडून असतो, पण तो मानाचा आराम आहे. म्हणून हात जोडून सांगतो, मातीच्या जुन्या भांड्यांना जपा. तडा गेला म्हणून उकिरड्यावर फेकू नका. त्यांनी तुमची घरं राखलेली...

"खोटं! खोटं बोलतोस, खापरा!" पुढ्यात बसलेली उषा ओरडली. "ही खोली भाड्याची आहे. आपल्या घराच्या जागी साड्यांचा कारखाना झालाय, आणि आई रोज तिथेच घड्या घालायला जाते."