घोडेबाबाचे हरभरे

खांडवाडीच्या बाजारतळावर त्या गुरुवारी मेथीच्या जुड्या फडक्यावरच सुकत पडल्या होत्या. विकणाऱ्या बाया लिंबाखाली आणि घेणाऱ्याही लिंबाखाली. लिंबाच्या पारावर घोडेबाबा बसले होते, डोळ्यांवर भगवी पट्टी बांधून आणि लोकांकडे पाठ करून. त्यांच्या पाठीमागे बुद्धिबळाचा कापडी पट पसरला होता. प्रत्येक घरात एकेक हरभरा. राजा नाही, वजीर नाही, प्यादी नाहीत; एकटा लाकडी घोडा.

"ठिव माये, कुठं बी ठिव!" बाबा गरजले. "नाथांचा घोडा हाय. अडीच घरांची उडी घील, एकेक दाना खाईल, एका घरात दोनदा पाय ठिवनार न्हाई! दाना उरला तर रोग उरला, दाना सरला तर रोग सरला!"

बायडाबाईचे गुडघे धरले होते. तिने घोडा भीत भीत पटाच्या मध्याजवळ ठेवला. चेल्याने घर पुकारलं, "तिसरीत पाचवं!" म्हणजे तिसऱ्या ओळीतलं पाचवं घर. बाबांनी डोकं गरगरा फिरवलं आणि सुरू केलं, "पाचवीत चौथं! सहावीत सहावं! आठवीत सातवं!" बाबा घर सांगतील तिथे चेला घोडा नेई आणि तिथला हरभरा उचलून तोंडात टाकी. घोड्याच्या नावाने चेलाच गुटगुटीत होत होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पट मोकळा होत गेला. शेवटचा दाणा उचलला गेला आणि घोड्याने आणखी एक उडी मारली, ती थेट निघाला होता त्याच घरात.

"घोडा घरी आला!" बाबा ओरडले आणि सगळा बाजार हात जोडून उभा राहिला.

गोरक्षनाथ मास्तरांनी मात्र हात जोडले नव्हते. ते पटाकडे आ वासून बघत होते.

मास्तरांना बुद्धिबळाचं वेड. खेळण्यापेक्षा कोडी सोडवण्याचं जास्त. एकटा घोडा सगळ्या घरांतून कसा फिरवायचा, हे कोडं त्यांच्या मानगुटीवर कितीतरी वर्षं बसलेलं. गावात दुसरा वेडा एकच, इब्राहिमभाई मणेर. खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा उतरवल्या की तो पट घेऊन येई आणि दोघं कंदिलाच्या काचेवर काजळी धरेपर्यंत घोडा फिरवत. दर वेळी चार-दोन घरं उरायचीच. इब्राहिमभाई म्हणायचा, "मास्तर, ह्यो घोडा अडेल हाय. आपल्या बायकांस्नी काडीमोड घ्यायला लावनार."

तर असा माणूस डोळ्यांदेखत बघतो की हे कोडं कोणी पट्टी बांधून, पाठ करून सोडवलं. त्याने काय म्हणावं? 'मला हे येत नाही, मला शिकवा,' असं म्हणावं. पण मास्तर म्हणजे गावातला शिकलेला माणूस. लोक त्यांच्याकडे बघत होते. आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "इतकी वर्षं मी झटतोय, मला नाही जमलं. हे माणसाचं काम नव्हे!"

झालं. बाबांनी उठून मास्तरांच्या हातात नारळ दिला. "शाळामास्तर बी बोलले!" ही हाळी वाऱ्यावर आसपासच्या वाड्यांत गेली आणि पुढच्या बाजाराला लिंबाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्या बाजाराला मास्तर पुन्हा गेले. भक्तीने नव्हे, जिभेला चटक लागल्यासारखे. या वेळी कोणी घोडा कोपऱ्यात ठेवला होता. उड्या चालल्या होत्या आणि मास्तर नादात मान डोलवत होते. मध्येच कानावर आलं, "तिसरीत पाचवं, पाचवीत चौथं, सहावीत सहावं..." आणि मास्तरांच्या ओठांवर बाबांच्या आधीच आलं, "आठवीत सातवं!"

बाबांनीही तेच पुकारलं.

मास्तर तडक घरी आले, कोळशाने फरशीवर पट आखला आणि ज्वारीचे दाणे मांडले. बाजारातून आठवत आणलेला तुकडा धरून पुढे जोडत गेले. जेवायच्या वेळेला ते एकदम टाळ्या पिटायला लागले. त्यांची बायको साळूबाई परातीत पीठ तसंच टाकून बाहेर आली.

"अगं, माळ आहे ही माळ! रस्ता एकच, आणि तो गोल. शेवटच्या घरातून पहिल्या घरात उडी बसते. कुठूनही निघा, फिरून तिथेच! त्याने एकच माळ पाठ केलीय!"

साळूबाईने फरशीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मग आता चावडीवर सांगणार ना?"

मास्तरांच्या टाळ्या थांबल्या. "सांगू की. घाई काय आहे? लोक नारळच तर देतात."

"आपल्याकडं बी एक आलाय," साळूबाई म्हणाली आणि पिठाकडे वळली. त्या नारळाची चटणी तिने केली, पण स्वतः खाल्ली नाही.

खरं कारण मास्तरांना ठाऊक होतं. माणसाचं काम नव्हे, असं ज्या तोंडाने सांगितलं, त्याच तोंडाने आता 'मी फसलो' म्हणायचं? पोरं पाटीवर मास्तरांचं नाव लिहून पुढे घोडा काढतील. तेव्हा ते रोज संध्याकाळी दार लावून एकटेच घोडा फिरवायचे, आणि त्यांना फार आनंद व्हायचा. तो आनंद आठवला की पुढे जन्मभर त्यांचे कान तापत.

इब्राहिमभाई बऱ्याच दिवसांत पट घेऊन आला नाही, म्हणून मास्तरच त्याच्या घरी गेले. ओसरीवर त्याची लेक शमशाद गोधड्यांखाली दातांवर दात आपटत पडली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली पोर, पाचवा महिना आणि हिवताप. उशाशी लाल दोऱ्यात हरभरे ओवून ठेवलेले. कोनाड्यात हिवतापावरच्या कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, बाटली, बूच न काढलेली. महायुद्धाच्या त्या दिवसांत कोयनेल म्हणजे सोनं. इब्राहिमभाईने नगरला चार हेलपाटे घालून ती मिळवली होती.

"औषध का देत नाही रे?"

उत्तर त्याच्या बायकोने, मुबारकबीने दिलं. "बाबा म्हनले, आवशीद आन घोडा एका घरात नांदत न्हाईत. घोडा रुसंल. आन मास्तर, एक बी दाना उरला न्हाई पटावर! मी सोता बघितलं."

"भाबी, ते सगळं..."

"मी बी आदी मानत नव्हतो," इब्राहिमभाई खाली मान घालून म्हणाला. "पर तुमी म्हनलात, मानसाचं काम न्हाई. आपला मास्तर खोटं कशाला बोलंल?"

मास्तरांनी तिथेच सांगायला सुरुवात केली, माळ, गोल रस्ता. मुबारकबी ऐकेना. "मंग तवा का न्हाई बोलला?" या एका प्रश्नावर मास्तर उठले. उंबऱ्यात त्यांना चप्पल सापडेना. ती पायातच होती.

गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता. बाबांनी पट मांडला तसे मास्तर पारावर चढले, साळूबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी डोळ्यांवर बांधली आणि लोकांकडे पाठ करून बसले. "इब्राहिमभाई, ठेव घोडा. कुठंही."

बाबा हसले. "आरं, ह्या विद्येला बारा वर्सं उपास लागत्यात!"

"मी सकाळी भाकरी खाऊन आलोय," मास्तर म्हणाले.

इब्राहिमभाईने घर पुकारलं आणि घोडा फिरला. मास्तर घरं सांगत गेले, इब्राहिमभाई दाणे उचलत गेला. दाणे सरले. घोडा घरी आला.

आणि मास्तरांनी चिंधी सोडून बघितलं, तर बायडाबाई त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडली होती. "मास्तरच्या अंगात आलं! मास्तरमहाराज, माज्या गुडघ्यांचं काय ते बगा!" मागे रांग लागायला लागली होती. एकाने तर नारळ फोडला.

"बघा!" बाबा पटकन म्हणाले. "आमीच दिली विद्या त्यास्नी! आमचा चेला!"

मास्तरांना रडू फुटायच्या बेतात होतं. "उठा बायडाबाई. मला महिने सांगा बघू. पण चैत्रापासून नको, कार्तिकापासून."

"आता हे काय? कार्तिक, मार्गेसर, पूस, माघ, फागून, चैत..." बायडाबाई बोटं मोडत गेली. "...भादवा, आश्विन. आन फिरून कार्तिक."

"एकही महिना सुटला नाही?"

"सुटंल कसा?"

"एकही दोनदा आला नाही? आणि निघालात तिथेच परत आलात. मग हा चमत्कार झाला का? आता डोळे मिटून श्रावणापासून सांगाल?"

"सांगंन की!" बायडाबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. "आगं बया. ह्ये बी तसंच?"

"तसंच. घरांचे महिने करून पाठ केलेत. घोड्याला तुमच्या गुडघ्यांची खबर नाही, शमशादच्या तापाचीही नाही. हे मला मागच्या बाजारापासून माहीत होतं. लाज वाटली म्हणून बोललो नाही. तिकडे पोर कोयनेलवाचून फणफणत होती."

बाजारात कोणी हसलं नाही. हसले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

बाबा पट गुंडाळायला लागले होते. चेल्याच्या गालात अजून हरभरे होते. मुबारकबी पदर सावरत, जवळजवळ पळतच घराकडे गेली. इब्राहिमभाई तिच्यामागे गेला. त्यानेही वळून बघितलं नाही.

शमशाद कोयनेलने उठली. पोटातलं मूल मात्र राहिलं नाही. आधी औषध मिळालं असतं तर राहिलं असतं का, हे डॉक्टरही सांगू शकला नाही. मास्तरांचं ते सगळ्यांना विचारून झालं.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी इब्राहिमभाई पट घेऊन दारात उभा राहिला. बसला. सोंगट्या मांडल्या. मग तो म्हणाला, "ती माळ मला शिकवा. कुनी दुसरा घोडा घिऊन आला, तर मला बी सांगता आलं पायजे."

मास्तरांनी शिकवली. पुढे शाळेत दर वर्षी नव्या पोरांना पहिला धडा मात्र त्यांनी वेगळाच दिला. बाराखडीच्याही आधी ते सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेत, "मला येत नाही." पोरं खिदळत. मास्तर पुन्हा म्हणायला लावत. जे आपल्याला कळत नाही ते देवाच्या नावावर लिहून मोकळं होऊ नये. आधी हे तीन शब्द म्हणावेत, मग शोधावं, आणि सापडलं की त्याच दिवशी चार माणसांत सांगावं. त्याच दिवशी, हे मास्तर दोनदा सांगत.