दोघांची तार

प्रीती कांबळेला आयुष्यात एकदा तरी एकटीनं कुठंतरी जायचं होतं. बावीस वर्षांची घोडी झाली, तरी हुपरीहून कोल्हापूरला कॉलेजात सोडायला वडील, बाजारात पाठीशी आई, लग्नकार्यात आत्या. म्हणून तर तिनं माळावरच्या ग्लायडिंग क्लबात नाव घातलं. तिथं नीट शिकलं की बिनइंजिनाच्या विमानातून माणसाला एकटं वर सोडतात, असं तिनं ऐकलं होतं. त्या एका उड्डाणासाठी ती दोन वर्षं ताटकळली.

शिकवायला विजयसिंह सर. हवाई दलातून निवृत्त, तोंडानं फटकळ. त्यांची एक रीत होती. एकट्यानं उडायचा दिवस ते कधीच सांगायचे नाहीत. विद्यार्थी पुढच्या सीटवर काटे तपासत असला की हे मागच्या सीटवरून गुपचूप उतरायचे, रिकाम्या सीटचा पट्टा आवळायचे आणि काचेचं झाकण लावायचे. आधी सांगितलं तर पोरं घाबरून माती खातात, असं त्यांचं म्हणणं.

१९९७च्या जानेवारीतला रविवार. माळाच्या पार टोकाला क्लबच्या ज्ञानूनं तार गुंडाळणारं विंच चालू केलं, पोलादी तार ताणली आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढलं. हजार फुटांवर प्रीतीनं तार सोडली.

"उजवीकडं घे. गुऱ्हाळाच्या धुरावर," मागून सरांचा आवाज आला.

तिनं घेतलं. चुलाणाची ऊन हवा पंखांखाली लागली आणि ग्लायडर उचलू लागलं. दोन घारी शेजारी घिरट्या घालत होत्या. खाली उसाचे फड, लांब पंचगंगा. "नाक खाली." "हलक्या हातानं." एरवी खेकसणारे सर आज कानाशी हळू बोलत होते. चाळीस मिनिटं! इतकं देखणं उड्डाण तिच्या हातून कधी झालं नव्हतं. हरखून ती उतरली आणि मागं वळली.

"सर, आता एकटीला सोडा की!"

मागची सीट रिकामी होती. पट्टा आवळलेला.

सर शंभर पावलांवर खुर्चीत बसले होते, घामानं निथळत. प्रीती धावत गेली. त्यांचे डोळे आभाळात होते आणि ओठ अजून हलत होते. "टेकव... हळू टेकव..."



तेवढ्यात तारेचं टोक ओढत ज्ञानूचा ट्रॅक्टर आला. तो खाली उतरला तो कुरकुरतच.

"साहेब, तुमी दावलेलं एकटीचं निशाण बघून मी तेवढाच जोर दिलता. ग्लायडर उचलंना, जोर वाढवाय लागला. तारंला दोघांचं वजन लागलं." मग तो प्रीतीकडं बघून म्हणाला, "दर खेपेलाच लागतंय, ताई. त्यो शिकाऊ आकाराम इमानासकट पडल्यापास्नं."

सर भानावर आले. 

"आकारामला एकटा सोडलता," ते म्हणाले. "तो वर हुता आन् मी हितं च्या पीत हुतो. तवापास्नं मी कुणालाच सोडलं न्हाय, पोरी. देह हितं ऱ्हातोय. मी कसा जातो, मलाबी ठावं न्हाय."

"म्हंजे आकारामनंतर हितनं एकटं कुणीच उडालं न्हाय?"

एकट्यानं उडाली म्हणून ज्या पोरांना हार घालून मिरवलं, ती सगळी सरांना मागं बसवूनच फिरून आली होती, आणि त्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. प्रीतीला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठा राग आला.

"सर, घरात आई-बाबा हायेत, आत्या हाय. वर आभाळात तुमी! आता तरी खाली ऱ्हावा. सगळेच्या सगळे ऱ्हावा."

"आन् पडलीस तर?"

"तर माझी मी पडंन."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग एकही सूचना सुटू नये म्हणून गळ्यातला टॉवेल दोन्ही हातांनी तोंडावर गच्च दाबला आणि डोळे मिटून घेतले. प्रीती सीटवर बसली, ज्ञानूनं तार अडकवली आणि तो विंचकडं गेला.

या वेळी ग्लायडर असं उसळलं की तिची पाठ सीटला दाबली गेली. तार सुटली तेव्हा काटा मघापेक्षा दोनशे फूट वर होता. प्रीतीनं कान देऊन वाट पाहिली. डावीकडं घे म्हणायला कुणी नव्हतं, उजवीकडं घे म्हणायलाही नव्हतं.

मग ती हुंदके देऊन मोठ्यानं रडली. ते ऐकायला तिथं कुणीच नव्हतं.