गॅरेजमधली लाल पाटी

मित्रांनो, मी एक जुनी, गोल लाल पाटी आहे, लांब दांड्यावर बसवलेली. माझ्या अंगावर ‘स्टॉप’ एवढा एकच शब्द आहे आणि माझा स्वभावही तसाच आहे, सरळ आणि थोडा हट्टी. इथे ऑस्ट्रेलियात मुले मला लॉलिपॉप म्हणतात. मला ते मुळीच आवडत नाही. मी रस्त्यात उभी राहिले की सिमेंटचा ट्रकसुद्धा गपगुमान थांबतो. लॉलिपॉपपुढे कोण थांबेल?

डँडेनाँगच्या एका कारखान्यात मला कापले, रंगवले आणि मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नमधल्या एका शाळेकडे पाठवले. तेव्हा शाळेसमोर घोडे चरत असत. मग विद्यार्थ्यांची लाट आली. पुण्या-मुंबईहून शिकायला आलेली पोरे इथेच नोकरीला लागली, इथेच त्यांनी घरे घेतली, आणि बघता बघता त्यांचीच मुले शाळेत दाखल झाली. शाळेचे मैदान तात्पुरत्या वर्गखोल्यांनी भरले आणि रस्ता गाड्यांनी. मुलांना सुखरूप पलीकडे जाता यावे म्हणून कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, घरपट्टीवर शाळेसाठी थोडी जादा पट्टी बसवली. माझ्यासारख्या पाट्या धरणाऱ्यांचा पगार त्यातूनच निघे. ती पट्टी पुढे चालू ठेवायची की नाही, यावर दर चार वर्षांनी घरमालकांचे मत टपालाने घेतले जाई.

मला धरायचे दत्तात्रय नाना. महाराष्ट्रात ते पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते, दाराशी सरकारी जीप असायची. पत्नी गेल्यावर त्यांच्या मुलाने, विवेकने, त्यांना इकडे आणले. विवेक आणि अस्मिता सकाळीच कामाला जात, नात चिन्मयी शाळेत. नानांना गाडी चालवता येत नव्हती आणि बस फार लांबून जाई. घर मोठे होते, पण दिवसभर त्यात नाना आणि फ्रिजची घरघर. मग एक दिवस कौन्सिलची जाहिरात वाचून त्यांनी हे काम घेतले, आणि मी त्यांच्या हातात आले.

रस्त्यावरचे नाना तुम्ही पाहायला हवे होते! रुंद टोपी, गळ्यात शिट्टी, ताठ मान. दोन शिट्ट्या वाजल्या की मुले निघत. “मॉर्निंग, नाना!” सगळ्या शाळेचे ते नाना झाले होते. शाळेतल्या हरप्रीतची आई रोज म्हणे, “अंकलजी, आज ठंड बहुत है, अंदर स्वेटर पहना है ना?” नाना हसून कॉलर वर करून दाखवत. त्यांच्या हाताची पकड मला कळायची. रस्त्यावर ती घट्ट असे, घरी पोचेपर्यंत ढिली पडे.

शाळेत ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून नाना मला घरी आणत. पाहुण्यांना दिसू नये म्हणून विवेकने माझी जागा गॅरेजमध्ये ठरवली होती, खोक्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. मला त्याचा राग यायचा. “तुझे बाबा काय करतात दिवसभर?” असे कुणी विचारले की विवेक म्हणे, “वॉकला जातात.” आणि “नाना, दमलात का?” असे अस्मिताने विचारले की नाना म्हणत, “छे गं, वेळ जातो, झालं.” बस, एवढेच. आपल्याला तिथे किती छान वाटते, हे त्यांनी घरात कधी कुणाला सांगितलेच नाही.

मग मतदानाचे पाकीट आले. घर विवेकच्या नावावर, म्हणून मतही त्याचे. कामाला निघताना त्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि खिशातून पेन काढले.

“‘नो’ लिहितोयस?” अस्मिताने विचारले. “अरे, नानांना विचारलंस का?”

“त्यांना काय विचारायचं? ते कधी तोंडावर नको म्हणणार आहेत का? एवढा मोठा ऑफिसर माणूस, अस्मिता, आणि चाळीस डिग्रीत रस्त्यावर पाटी घेऊन उभा! पट्टीच बंद झाली तर आपोआप सुटतील बिचारे. आपल्याला वाईट व्हायला नको.”

“पण एकदा विचार तरी.”

“नो वरीज गं. जाता जाता पोस्ट करतो.”

मित्रांनो, मला बापाच्या मनातले ठाऊक होते आणि लेकाच्याही. साऱ्या घरात ते दोन्ही मला एकटीलाच ठाऊक होते. आणि माझ्याजवळ शब्द एकच, तोही भिंतीकडे वळवलेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

थोडक्या मतांनी पट्टी नामंजूर झाली. शेवटच्या दिवशी मुलांनी नानांना चित्रे दिली. कौन्सिलने नव्या पाट्या परत नेल्या. माझा रंग उडालेला, मला कुणी मागितले नाही.

रस्ता ओलांडून द्यायला कुणी नाही म्हटल्यावर सगळे आपापल्या मुलांना गाडीने सोडू लागले, आणि गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत येऊ लागली. विवेकही चिन्मयीला घेऊन रोज त्या रांगेत अडकू लागला. “डॅड, व्हाय कान्ट आजोबा जस्ट स्टॉप एव्हरीवन?” असे तिने गाडीत बसताना विचारलेले मी एकदा ऐकले. विवेकने गाडीचे दार लावून घेतले.

नाना मात्र शाळेच्या वेळेला रोज गॅरेजमध्ये येत. टोपी घालत, मला खोक्यांमागून काढत आणि बंद दारासमोर ताठ उभे राहत. शाळा भरायची वेळ टळली की मला पुसून परत ठेवत.

एका सकाळी चिन्मयीला सोडून झाल्यावर विवेक लॅपटॉप विसरला म्हणून परत आला. त्याने बाहेरूनच रिमोट दाबला. दार वर गेले, आणि गाडीच्या समोर नाना होते, टोपी, शिट्टी, आणि हातात उंच धरलेली मी.

विवेकने करकचून ब्रेक दाबला.

“काही नाही रे, धूळ झटकत होतो,” नाना गडबडून म्हणाले आणि त्यांनी मला पाठीमागे लपवले. लपवायला मी काही लहान आहे का!

विवेकने इंजिन बंद केले. मग खाली उतरला. “नाना, ‘नो’ मी लिहिलं होतं. तुम्हाला ऊन लागतं म्हणून.”

नानांनी मला पुढे आणून जमिनीवर टेकवले. रागावतील असे मला वाटले. पण ते हळूच म्हणाले, “घरात ऊन लागत नाही, विवेक. घरात काहीच लागत नाही.”

विवेकने पुढे येऊन त्यांच्या हातातून मला घेतले. पहिल्यांदाच. आणि खोक्यांमागे न ठेवता दाराशी टेकवले, तोंड रस्त्याकडे करून.

आता गॅरेजचे दार दिवसा उघडे असते. नाना खुर्ची टाकून माझ्याजवळ बसतात. रांगेतल्या गाड्यांमधून मुले हात हलवतात, पण कुणी उतरत नाही. पुढचे मतदान अजून लांब आहे, आणि नानांचे गुडघे आता दुखतात.

मित्रांनो, कधी तुम्हीही मोठे व्हाल, तुमच्याही घरी असे पाकीट येईल. ज्याच्या भल्यासाठी म्हणून तुम्ही खूण करणार असाल, त्याला आधी विचारा. तो शेजारच्याच खोलीत असतो. मी ट्रक थांबवले, बस थांबवल्या, पण तेवढे एक पाकीट मला थांबवता आले नाही. तुम्हाला ते जमेल.